दुसऱ्या गाडीला द्या

भोंगेमामांचं खरं नाव रुग्णालयाच्या पगारपत्रकावर असणारच, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली असेल असं वाटत नाही. उभा जन्म रुग्णवाहिका चालवण्यात गेला. गल्लीतल्या पोरांनी भोंगेमामा म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणू लागले. मामांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बायको मात्र त्यांना 'स्वारी' म्हणायची. दार उघडताना तिचं ठरलेलं असायचं, "आली का स्वारी? सगळ्या जगाला वेळेवर पोचवता, आणि स्वतः जेवायला काही वेळेवर पोचत नाही." मामा हसायचे आणि हात धुवायला जायचे.

त्यांची ओळखही गाडीतच झाली होती. तिच्या वडिलांना दम्याचा झटका आला, मामा तेव्हा ऐन पंचविशीतले, नवीनच लागलेले, आणि भोंगा वाजवत सुसाट निघालेले. शेजारच्या सीटवर बसलेली मुलगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "जरा हळू घ्या ना. बाबा घाबरलेत." मामांनी हळू घेतलं. म्हातारा वाचला, पुढे वर्षभराने मामांचा सासरा झाला, आणि हा किस्सा त्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की मामांच्या लेकीला तो स्वतः पाहिल्यासारखा पाठ झाला होता.

आता त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गाडीत वायरलेस असतो. कंट्रोल रूममधली बाई त्यावर पत्ता सांगते. माणसाचं नाव नाही, गाव-गोत नाही, नुसता रस्ता, इमारत, मजला आणि काय झालंय ते. हे सगळ्या गाड्यांना एकदम ऐकू येतं. जो जवळ असेल आणि ज्याची गाडी रिकामी असेल त्याने म्हणायचं, 'निघालो'. मग बाकीच्या गाड्या जात नाहीत. बाईने आधी ज्या गाडीचा नंबर घेतला, तिचा ड्रायव्हर जर लांब असेल, किंवा त्याच्या गाडीत पेशंट असेल, तर त्याने म्हणायचं, 'दुसऱ्या गाडीला द्या'. बस्स, दोनच वाक्यं. दुसरं म्हणण्यात कसला कमीपणा नाही. दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागतं, चहाला 'नको' म्हणावं तितक्या सहज.

त्या दुपारी मामांच्या गाडीत दिवस भरलेली बाई होती. कळा सुरू झालेल्या, मागे सिस्टर तिचा हात धरून बसलेली, पुढे पुलावर वाहनांची ही गर्दी. वायरलेस खरखरला. गिरणीमागची गल्ली, पिवळी इमारत, पहिला मजला, बाई बेशुद्ध, बाराव्या गाडीने घ्यावं. बारावी म्हणजे मामांची. त्यांनी समोरच्या ट्रकवरची नजर न काढता बटण दाबलं आणि म्हणाले, "पेशंट आहे गाडीत. दुसऱ्या गाडीला द्या."

आणि मग त्यांचा गिअरवरचा हात तिथेच राहिला.

तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे, स्वतःच्या घराचा पत्ता ओळखू येत नाही? अहो, स्वतःच्या घराला 'गिरणीमागची पिवळी इमारत' कोण म्हणतं? आपण घराला घर म्हणतो. तो पत्ता दुसऱ्यांसाठी असतो. आता मामांना कळलं, ते घर आपलंच, पण मागे एक बाई कळांनी ओरडत होती, आणि पेशंट वाटेत सोडता येत नाही हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी तिला रुग्णालयात पोचवलं. स्ट्रेचर उतरवून दिलं. मग घरी गेले. दुसरी गाडी दाराशी उभी होती, आणि तिच्या ड्रायव्हरने मामांना बघून मान खाली घातली. तेवढ्यावरच मामा समजले.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या जागी गेली होती. शेजारीण काही मागायला आली तेव्हा तिला दिसलं.

मामा कामावर परत आले ते वेगळेच होऊन. रडले-बिडले नाहीत. गाडी पूर्वीसारखीच धुऊनपुसून लख्ख. पण 'दुसऱ्या गाडीला द्या' हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. पत्ता आला की कुणी विचारो न विचारो, मामांचं बोट बटणावर, 'निघालो!' शहराच्या दुसऱ्या टोकाला असले तरी 'निघालो'. गाडीत पेशंट असला तरी 'निघालो', आणि मग त्या पेशंटला वाऱ्यावर स्वार करून आधी पोचवायचं आणि तिथून पुढे सुटायचं. मागे सिस्टर जीव मुठीत धरून दांडीला लटकलेली. सुरुवातीला बाकीच्या ड्रायव्हरांना कौतुक वाटलं. मामा दुःख कामात बुडवतायत, म्हणाले. वाहनप्रमुख साहेबांनी दोनदा बोलावून समजावलं. मामांनी दोन्ही वेळा मान डोलावली, आणि बाहेर पडून पुन्हा तेच. एक वेड डोक्यात बसलं होतं त्यांच्या: पुरेसं जोरात गेलं की लांब असं काही उरतच नाही.

हे वेड भोवलं एका शिंप्याच्या जिन्यात.

शिंपी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दुकानात मशीनवर बसलेला असताना छातीत कळ येऊन पडला होता. पत्ता आला तेव्हा मामा बंदराच्या पार पलीकडे होते. तरी 'निघालो' म्हणालेच. आले, ते कसे आले ते रस्त्यालाच माहीत. दोन सिग्नल तोडले, एका हातगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. जिन्याच्या तोंडाशी शिंप्याची बायको उभी होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. ती धावत आली आणि तिने मामांचा शर्टच धरला.

"कुठे होतात? कुठे होतात इतका वेळ?" ती ओरडली. "त्या कोपऱ्यावर एक गाडी रिकामी उभी आहे! मी तिच्याकडे धावले, तर ड्रायव्हर म्हणतो, कॉल घेतलाय दुसऱ्या गाडीने, पोचतच असेल!"

मामांनी मान वळवून बघितलं. खरंच होती. हाकेच्या अंतरावर.

शिंपी वाचला. पण डॉक्टर म्हणाले, फार वेळ गेला, हृदयाचा एक भाग आता कामाचा राहिला नाही, मशीन पायाने चालवणं वगैरे विसरा. साहेबांनी मामांना बोलावलं आणि या वेळी समजावलं नाही. "पुन्हा एकदा असं झालं, तर चावी माझ्या टेबलावर ठेवायची," एवढंच म्हणाले. मामांना त्याचंही एवढं लागलं नाही. लागलं ते सिस्टरचं. ती रुग्णालयाच्या आवारात गाडीपाशी उभी होती, हातमोजे काढत. एवढ्या वर्षांची जोडी होती त्यांची.

"मामा, उद्यापासून मी तुमच्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही पेशंटसाठी पळत नाही हो आता. तुम्ही वहिनींसाठी पळताय. आणि त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही तुम्ही, मध्ये लोक मात्र भरडले जातायत."

मामा घरी आले तेव्हा उजेड होता अजून. लेक स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आई गेल्यावर स्वतःची भाड्याची खोली सोडून बाबांकडे राहायला आली. दोघं एकमेकांची काळजी घ्यायची, म्हणजे एकमेकांना जेवलात का विचारायची आणि बाकी काही बोलायची नाहीत. आईची खुर्ची तशीच होती. तिच्यावर दोघांपैकी कुणीच बसायचं नाही.

मामा पाणी प्यायले, त्यांनी ग्लास खाली ठेवला, आणि एकदम विचारलं, "तू मुलांना शिकवतेस ना, की प्रकाशापेक्षा जोरात काहीच जाऊ शकत नाही?"

"शिकवते," लेक जरा चमकून म्हणाली.

"का जाऊ शकत नाही? मोठं इंजिन लावायचं. त्याहून मोठं लावायचं. आपण अडवणारे कोण?"

दुसरा कुणी असता तर तिने हसून टाळलं असतं. पण बाबांचा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली.

"इंजिन लावता येतं, बाबा. पण बघा, एखादी वस्तू आपण ढकलत राहिलो की सुरुवातीला वेग झपाझप वाढतो. पुढे पुढे प्रकाशाच्या जवळ जायला लागली, की तेवढ्याच ढकलण्याला वेग कमी कमी वाढतो. ढकलणं वाया जात नाही, पण ते वेगात जायचं सोडून त्या वस्तूच्या अंगात साठत जातं. ती जणू जड होत जाते, हलवायला अवघड. शेवटी शेवटी तर जन्मभर ढकला, वेग म्हणावा असा वाढतच नाही. तिथवर न्यायचं तर संपणारच नाही एवढी ताकद लागेल, आणि तेवढी कुणाकडेच नाही. प्रकाशाला वजनच नाही, म्हणून तो त्या काठावरून जातो. ज्याला वजन आहे, त्याला काठ गाठता येत नाही."

"ज्याला वजन आहे," मामा पुटपुटले. मग हट्टाने म्हणाले, "ठीक आहे. समज, नियम मोडला. समज, एक गाडी निघालीच त्याच्या पुढे. मग काय आकाश कोसळणार आहे?"

"कोसळेलच जवळजवळ," लेक म्हणाली. "तुमच्या वायरलेसचंच घ्या. कंट्रोल रूम आधी बोलते, मग तुम्ही उत्तर देता. हो ना? आता कॉल आणि उत्तर प्रकाशाच्याही पुढे पळायला लागले, तर आपल्या जवळून जोरात जाणारा असा कुणीतरी असेलच, ज्याला हे उलटं दिसेल. आधी उत्तर, मग कॉल. आणि हे नुसतं दिसणं नाही. नीट जुळवून आणलं, तर कॉल सुटायच्या आधी तुमचं उत्तर खरोखरच कंट्रोल रूममध्ये पोचवता येईल. म्हणजे जे घडायचंय त्याच्या आधी तुम्ही तिथे हजर."

"मग तेच तर पाहिजे मला!"

मामांनी टेबलावर हात आपटला. बटाट्याची सालं उडून खाली पडली. लेक आयुष्यात पहिल्यांदा बाबांना असं ओरडताना बघत होती. आणि एकदा ओरडल्यावर त्यांना थांबवेना.

"मला आधी पोचायचंय. तुला माहीत नाही, पोरी. मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईचा कॉल आधी मलाच आला होता. माझ्या गाडीला. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? दुसऱ्या गाडीला द्या म्हणालो. ती तिथे पडली होती, आणि मी, तिचा नवरा, दुसऱ्या गाडीला द्या म्हणालो."

त्यांचा आवाज फुटला. एवढा दणकट माणूस, पण खांदे लहान मुलासारखे हलायला लागले.

लेक उठली. आईची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली, बाबांच्या अगदी समोर.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मामांनी वर बघितलं.

"कंट्रोल रूममधली बाई त्याच दिवशी आली होती ना भेटायला. माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, मी पत्ता वाचला गं, मला काय माहीत तो मामांचा आहे. मला तेव्हापासून माहीत आहे, बाबा. मी वाट बघत होते तुम्ही सांगायची."

"आणि तरी तू माझ्याशी बोलत होतीस?"

"वेडे आहात का तुम्ही?" लेकीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने पुसलं नाही. "शेजारच्या मावशींनी दार उघडलं तेव्हा आईचा हात गार होता. तिच्यापुढचा चहा गार होता. डॉक्टरांनी सांगितलं, ती बसल्या जागी, क्षणात गेली. मग कितीतरी वेळाने मावशी आल्या, मग फोन झाला, मग वायरलेसवर पत्ता आला. तुम्ही ते वाक्य म्हणालात तेव्हा आई गेलेली होती, बाबा. तुमच्यापर्यंत आली ती बातमी होती. बातमी नेहमी मागूनच येते. आत्ता खिडकीतून आत येतंय ना, ते ऊनसुद्धा आठेक मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेलं आहे. तिकडे सूर्य विझला, तर आपल्याला तोवर कळणारसुद्धा नाही. यात कुणाचा काय गुन्हा?"

मामा अगदी हळू म्हणाले, "पण एकदा. एकदाच आधी पोचता आलं असतं तर."

"तर काय झालं असतं, सांगू?" लेकीने त्यांचा हात धरला. "जे झालं ते पुसायची सोय झाली असती. पण ती काय तुमच्या एकट्यासाठी असती? आज तुम्ही आईचं जाणं पुसलंत, उद्या दुसरा कुणी घाईतला माणूस दुसरंच काही पुसेल. आजोबांचा दम्याचा झटका पुसेल. चांगलंच करतोय असं वाटून पुसेल. मग आजोबा गाडीत बसणार नाहीत. मग आई तुमच्या शेजारच्या सीटवर बसणार नाही. तुम्हाला हळू घ्या म्हणणार नाही. मी नसेन. काहीच पक्कं राहणार नाही, बाबा. कुठल्याच गोष्टीला 'झाली' म्हणता येणार नाही."

ती जरा थांबली. तिलाही हे बोलणं जड जात होतं. वर्गात ती हे फळ्यावर रेघा मारून शिकवायची. आईच्या खुर्चीत बसून शिकवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"तो नियम कुणीच मोडू शकत नाही, म्हणून तर आई आपली आहे. आई होती. इथे बसायची, तुम्हाला स्वारी म्हणायची. हे आता कुणीही, कितीही जोरात धावलं तरी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही."

मामा रडले. त्या दिवशी नव्हते रडले, ते आज सगळं रडले. लेकीने त्यांना रडू दिलं. मग खाली पडलेली सालं दोघांनी मिळून गोळा केली, आणि मामांनी उरलेले बटाटे सोलले. फार जाड सालं काढतात ते, बायको नेहमी बोलायची त्यावरून. लेकही बोलली.

जेवताना मामा एकदम म्हणाले, "म्हणजे लांब म्हणजे लांबच."

"हो बाबा," ती म्हणाली. "वेगाला शेवट आहे, म्हणूनच लांब म्हणजे लांब, आणि जवळ म्हणजे जवळ."

सकाळी रुग्णालयाच्या आवारात सिस्टर दुसऱ्या गाडीकडे निघाली होती. मामा तिच्या आडवे गेले. माफी वगैरे मागणं त्यांना कधी जमलं नाही. "आजचा दिवस बसा," एवढंच म्हणाले. "नाही पटलं तर उद्यापासून मीच चावी ठेवतो साहेबांच्या टेबलावर." सिस्टरने त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि मागचं दार उघडून आत चढली.

पहिली फेरी एका आजींची होती. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन घरी चालल्या होत्या. टेकडीच्या रस्त्याला लागेपर्यंत वायरलेस शांत होता. मग खरखरला. बाजारपेठेची मागची बाजू, लोखंडी दरवाजाची इमारत, तळमजला, लहान मुलगा पायऱ्यांवरून पडलाय, बाराव्या गाडीने घ्यावं.

मामांचं बोट बटणावर गेलं. 'निघालो' अगदी जिभेवर आलं होतं. लहान मूल. कुणाची तरी आई तिथे, कदाचित एका पायात चप्पल घालून, उभी असेल. बाजारपेठ टेकडीच्या खाली, पार पलीकडे होती.

"पेशंट आहे गाडीत," मामा म्हणाले. "मी लांब आहे. दुसऱ्या गाडीला द्या."

तिकडून एका ड्रायव्हरचा आवाज आला, "निघालो. शेजारच्याच गल्लीत आहे मी."

मामांनी बटण सोडलं आणि बाहीने डोळे पुसले.

"कुणाला काय झालं हो?" आजींनी आडव्या पडल्या पडल्या मागून विचारलं.

"एक मूल पडलंय, आजी. जवळच्या गाडीने घेतलंय."

"मग बरं," आजी म्हणाल्या.

पुढे रस्त्यावर उंचवटा होता. मामांनी गाडी त्याच्यावरून इतकी हळू नेली, की आजींना कळलंसुद्धा नाही.